उकरलेले वाफे, चावलेल्या वायरी आणि रुसलेले बाबा

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नावं बदलली आहेत):

आम्ही नागपुरात एका जुन्या लेआऊटमध्ये राहतो, पुढे-मागे अंगण असलेलं घर आहे. मी ४१ वर्षांचा, काम घरूनच. बायको शाळेत शिकवते. बाबा ७२ वर्षांचे, आई गेल्यापासून त्यांचा सगळा वेळ बगिच्यात जातो. यंदा दिवाळीनंतर त्यांनी फ्लॉक्स, पिटुनिया, गुलाब, सांबार (म्हणजे कोथिंबीर), वांगे, टमाटर असं सगळं लावलं आणि आत्ता कुठे तो बहरलाय. घरात दोन कुत्रे आहेत. राणी, पाच वर्षांची लॅब्रॅडॉर, आणि शेरू, साधारण वर्षाचा गावठी, जो मी पावसाळ्यात रस्त्यावरून उचलून आणला (बाबांना विचारलं असतं तर नाहीच म्हटले असते, म्हणून थेट घेऊनच आलो). गेल्या महिन्यापासून दोघं मिळून वाफे उकरतात, बहुतेक दुपारी एक ते चारमध्ये. मागच्या खोलीत माझं कॉम्प्युटरचं काम चालतं. विंडोज १० चा सपोर्ट बंद झाल्यावर लोक जुने पीसी टाकायला निघाले, मी ते घेऊन दुरुस्त करतो, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकतो आणि गरजू मुलांना देतो. शेरूने तिथे एक ॲडॅप्टरची वायर आणि एक रॅमची पट्टी चावली. आजकाल त्यांना फिरवणंही होत नाही. वाफ्यांजवळ मी मोशन सेन्सर लावून कर्कश आवाज करणारा बझर बसवला, तर शेरू आता अंगणात यायलाच घाबरतो आणि राणी बझर वाजत असतानाच उकरते. बाबा म्हणतात त्याला बांधून ठेव नाहीतर सोडून ये. बायको म्हणते आधी तुझा भंगार बाजार आवर. दुसरा कुठला सेन्सर किंवा स्प्रे आहे का? की शेरूला कुणाला देऊन टाकू?

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सेन्सर, बझर, वायर, रॅम हेच दिसलं, दुसऱ्यांदा वाचताना दोन वाक्यांवर थांबले. एक, "आजकाल त्यांना फिरवणंही होत नाही". दुसरं कंसातलं, "बाबांना विचारलं असतं तर नाहीच म्हटले असते". तुम्ही ही दोन्ही जाता जाता लिहिलीत, पण मला वाटतं तुमच्या घरातला सगळा गुंता या दोन वाक्यांतच आहे, म्हणून उत्तरही तिथूनच देते. सेन्सरचंही सांगते, काळजी करू नका.

आधी तो बझर काढा. आजच, हे वाचून झालं की लगेच. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतलं ऐकू येतं, आपली हद्द साधारण २० हजार हर्ट्झला संपते, त्यांची ४५ हजारांच्या आसपास जाते, त्यामुळे आपल्याला नुसता कर्कश वाटणारा आवाज त्यांच्यासाठी काय असेल याचा अंदाज आपल्याला येत नाही. आणि कुत्रा त्या आवाजातून "माती उकरू नये" हे शिकत नाही. तो शिकतो की "ही जागा वाईट आहे", किंवा "हा माणूस जवळ असला की असं होतं". शेरू वर्षाचा आहे, रस्त्यावरून आलाय, त्याला आधीच कशाकशाची भीती असेल कोण जाणे, तो अंगणालाच घाबरला यात नवल नाही. राणी पाच वर्षांची, या घरात मुरलेली, तिने दोन दिवसांत ओळखलं की आवाज होतो आणि पुढे काहीच होत नाही. दोघांनी आपापल्या परीने बरोबरच केलं. बझर निघाल्यावर चार-आठ दिवस शेरूचं जेवण अंगणाच्या पायरीवर द्या, मग पायरीच्या खाली, मग थोडं पुढे. ओढत बाहेर नेऊ नका, त्याचा तो येईल.

आता उकरण्याचं. सेन्सर शोधण्याच्या आधी एक काम करा, दुपारी चारनंतर बगिच्यात जाऊन खड्डे नीट पाहा. खरंच बसून पाहा. खड्डा उथळ, पसरट, कुत्रा गोल होऊन झोपेल एवढ्या मापाचा असेल आणि ओल्या किंवा सावलीतल्या जागी असेल तर तो उकाड्याचा खड्डा आहे. अरुंद, खोल, एकाच जागी पुन्हा पुन्हा, त्यातही गुलाबाच्या बुडाशी असेल तर वास आहे तिथे कशाचा तरी, बाबांना विचारा त्यांनी हाडांचा चुरा घातलाय का, गुलाबाला बरेच जण घालतात आणि कुत्र्याच्या नाकाला ते जेवणाचं आमंत्रणच असतं. (एरंडीची पेंड घालत असतील तर ती मात्र लगेच बंद करा, कुत्रे आवडीने खातात आणि ती विषारी असते, जीव जाऊ शकतो.) बिळासारखं तोंड असेल आणि माती बाहेर ढकललेली असेल तर घूस आहे, आणि तुमचे कुत्रे तिच्या मागे लागलेत. फाटकापाशी, कंपाउंडच्या कडेने खड्डे असतील तर त्याला बाहेर जायचंय. एकाच अंगणात चारही प्रकार असू शकतात, आणि चारहींचा उपाय वेगळा आहे. म्हणून कुठला स्प्रे मारू याचं सरसकट उत्तर मला देता येत नाही.

तुम्ही दुपारी एक ते चार लिहिलंय म्हणून माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा आहे. आपल्याकडे वसंत नावालाच असतो ना, इकडे पळस फुलला की तिकडे पारा वर चढायला लागतो, मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारी अंगणाची फरशी पायाला चटका देते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना थोडा येतो, बाकी सगळं धापा टाकून आणि पोट गार जमिनीला टेकवून भागवावं लागतं. त्यात राणी लॅब, तिच्या अंगावर केसांचा दुहेरी थर. (तो उन्हाळ्यात भादरून टाकू नका, कितीही कुणी सांगितलं तरी. नीट विंचरा, गळणारा आतला थर निघाला की पुरे.) बाबा सकाळी वाफ्यांना पाणी देतात, वरची माती वाळते, चार बोटं खाली काळी माती ओली आणि गार असते. दुपारी सगळ्या अंगणात त्याहून गार जागा नाही, आणि ती राणीने शोधून काढलीय.

मग त्यांना त्याहून चांगली जागा द्या. मागच्या अंगणात, दुपारी सावली राहील अशा कोपऱ्यात, चार बाय पाच फुटांचा, फूट-दीड फूट खोल खड्डा करा, विटांची एक ओळ कडेने लावा आणि वाळू-माती निम्मी निम्मी भरा. नुसती काळी माती नको, ओली झाली की चिकटते आणि वाळली की दगड होते. साडेबाराच्या सुमारास त्यावर दोन बादल्या पाणी मारा. सुरुवातीला चार बिस्किटं, एखादं खेळणं वरवर पुरून ठेवा आणि तुम्ही स्वतः बसून हाताने उकरून दाखवा. एक सांभाळा, अंगणात संत्र्याचं झाड असलं तर त्याची सावली कितीही चांगली असली तरी खड्डा त्याच्या बुडाशी नको. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात, ती उघडी पडतात, आणि बुंध्याशी सतत ओल राहिली की डिंक्या लागतो, सालीतून डिंक वाहतो आणि झाड हळूहळू खलास होतं. आत्ता आंबिया बहाराचे दिवस आहेत, झाडावर फूल किंवा बारीक फळ असेल, बाबांना ते झाडही गमवावं लागलं तर मग बोलायलाच नको.

वाफ्यांचं रक्षणही करायचंच आहे. कोंबड्यांची जाळी मिळते ना, ती वाफ्यात मातीच्या बोटभर खाली आडवी पसरवा आणि रोपांच्या जागी कापून भोक पाडा, टोकं खाली वळवायला विसरू नका. पंजाला जाळी लागली की कुत्रा सोडून देतो, त्याला इजाही होत नाही. सांबार आणि टमाटर कुंडीत किंवा उंच वाफ्यात हलवता आले तर उत्तम. शेरू झाडांवर पाय वर करत असेल तर त्या जागी लगेच तांब्याभर पाणी ओता, लघवीतल्या नायट्रोजनने आणि क्षाराने पानं जळतात, पाण्याने ते पातळ होतं. तिखट पसरू नका, डोळ्या-नाकात जाऊन आग होते. फिनाईल नको. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नको, लोक सर्रास टाकतात, पण कुत्र्याने खाल्ल्या तर विषबाधा होते.

आणि बगिच्यात आहात तसं झाडांवरही एकदा नजर फिरवा. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे आपली बिट्टी, अडेनियम, आणि ते सायकस ज्याला लोक साबुदाणा पाम म्हणतात, ही सगळी कुत्र्याच्या पोटात जाऊ नयेत अशी झाडं आहेत. बिट्टीची बी आणि सायकसची बी तर थेट जिवावर बेततात. उपटून टाका म्हणत नाही, बाबांनी वाढवलेली असतील, पण उकरणारा कुत्रा घरात असताना ती जाळीच्या आत असावीत आणि खाली पडलेल्या बिया रोज वेचल्या जाव्यात. मोगऱ्याची भीती नाही, तो खुशाल राहू दे.

आता मागची खोली. तुम्ही करताय ते काम मला मनापासून आवडलं, हे आधी सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला आणि नुसता प्रोसेसर जुना किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ न घेणारी हजारो चांगली मशीनं एका दिवसात "भंगार" ठरली. त्यात एक साधी एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, आणि ८ जीबी रॅम टाकली, लिनक्स मिंट टाकलं की एखाद्या मुलाची दहावी-बारावी निघते. हे बंद करा असं मी म्हणणार नाही. पण त्या खोलीत कुत्रा मोकळा असणं मला धोक्याचं वाटतं, आणि रॅमपेक्षा जास्त भीती मला एका बारक्या गोष्टीची वाटते, मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या बटणाएवढ्या सेलची. जुनी मशीनं उघडताना तुम्ही तो काढून टेबलावर ठेवत असाल, तो घरंगळून खाली पडतो, चकचकीत, गोल. कुत्र्याने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतं. तसं झाल्याची नुसती शंका आली तरी घरी उलटी करवू नका, सरळ डॉक्टर गाठा. सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेजचा दवाखाना आहे, त्याच्या वेळा आणि रात्री-बेरात्री उघडा असणारा एखादा खाजगी डॉक्टर, दोन्ही नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. सेल काढला की झाकणाच्या डबीत, स्क्रू चुंबकाच्या वाटीत, हा नियमच करा.

वायरींसाठी भिंतीवर ती प्लास्टिकची केसिंग पट्टी मारून घ्या आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचलून टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवा. शेरूने चावली ती वायर ॲडॅप्टरच्या पुढची, कमी व्होल्टेजची असावी, तीच जर भिंतीकडची असती तर २३० व्होल्ट. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या, पण कुत्र्याने फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम चावले तर आरसीसीबी पडेलच याचा भरवसा नसतो, म्हणून वायर त्याच्या तोंडाला लागणारच नाही हे बघणं महत्त्वाचं. दाराला कमरेएवढं छोटं फाटक लावा, म्हणजे त्याला तुम्ही दिसाल आणि तुम्हाला तो.

बाकी केसाळ घरातल्या मशीनची काळजी तुम्हाला माहीत असेलच, तरी इतर वाचकांसाठी सांगते. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, निदान हातभर वर असावं. केस गळायचे दिवस सुरू झाले की महिन्यातून एकदा बाहेर अंगणात नेऊन ब्लोअर मारावा, मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर ती वेडीवाकडी वेगाने फिरून बेअरिंग जातं. आणि कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवू नये, बोरचं पाणी जड असतं, तुषार उडाले की क्षार राहतात आणि धूळ-केस ओले होऊन हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर, थर बसतो, तो मग ब्लोअरनेही निघत नाही.

आता त्या पहिल्या वाक्याकडे येते. फिरवणं बंद झालंय. कधीपासून, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण जुने पीसी यायला लागले ते दिवाळीच्या आसपास, हो ना? शेरू तेव्हा सात-आठ महिन्यांचा असेल, म्हणजे अंगात सगळ्यात जास्त वारं असण्याचं वय. दात येतात म्हणून चावण्याचा काळ त्याचा केव्हाच संपलाय. आता तो चावतो कारण तुम्ही त्याच्या समोर बसलेले असता आणि त्याच्यासाठी नसता. रॅमची पट्टी तोंडात घेतली की तुम्ही हेडफोन काढता, उठता, त्याच्या मागे धावता, दिवसभरात त्याच्या वाट्याला येणारे तेच तुमचे दोन मिनिटं असतील तर तो पुन्हा पुन्हा तेच करणार. म्हणून मला यात शिस्तीचा प्रश्न कमी आणि वेळापत्रकाचा जास्त दिसतो.

सकाळी सूर्य वर यायच्या आत, सातच्या आधी, पाऊण तास दोघांना बाहेर न्या. घाईने चालवत नेऊ नका, हुंगू द्या, नाकाला काम मिळालं की कुत्रा जेवढा दमतो तेवढा पळून दमत नाही. संध्याकाळी उशिरा पुन्हा अर्धा तास, त्याआधी हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर टेकवून बघा, सात-आठ सेकंद ठेवता येत नसेल तर त्यांच्या पंजांनाही चालत नाही. आणि दुपारी एक ते चार त्यांना अंगणात सोडूच नका, कूलरच्या खोलीत ठेवा, जेवणातला थोडा भाग फडक्यात गुंडाळून शोधायला द्या. एवढ्यानेच निम्मे खड्डे थांबतील असं मला वाटतं. शेरूची नसबंदी आणि रेबीजची लस झालीय का, हेही पत्रात नव्हतं. झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला, फाटकापाशी उकरून पळायची ओढ पुष्कळदा त्यातूनच असते.

सेन्सरचा हात स्वस्थ बसत नसेल तर तो कामाच्या जागी वापरा. कुत्रे झोपतात त्या खोलीत डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर लावा, ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला जोडा, आणि खोली ३२-३३ अंशांच्या वर गेली की तुमच्या फोनवर मेसेज येईल असं करा. मे महिन्यात लाईट गेली, कूलर बंद पडला आणि घरात कुणी नसलं तर हा मेसेज जीव वाचवेल. तोंड उघडं टाकून जोरात धापा, घट्ट लाळ, हिरड्या लालभडक, पाय लटपटणं असं दिसलं तर नळाच्या साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि ओल्या अंगानेच दवाखान्यात न्या, बर्फ लावत बसू नका.

वाफ्यांना आपोआप पाणी देणारी यंत्रणा करायचंही तुमच्या मनात येईलच. ओलावा मोजायचा तर कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, दोन उघड्या काड्यांचा स्वस्त सेन्सर विजेमुळे काही आठवड्यांत गंजून जातो. पण थांबा, त्याआधी बाबांना विचारा. सकाळी पाइप हातात धरून वाफ्यावाफ्यापाशी उभं राहणं हे त्यांच्यासाठी काम आहे की दिवसाची सुरुवात, हे तुम्हाला माहितीये का? आई गेल्यापासून त्यांचा वेळ तिथे जातो असं तुम्हीच लिहिलंय. कदाचित ते म्हणतील मे महिन्यात होत नाही रे माझ्याने, तेव्हा लाव. कदाचित म्हणतील राहू दे. दोन्ही ठीक आहे, फक्त विचारलेलं असावं.

कारण कंसातलं ते वाक्य. शेरू आला तेव्हा त्यांना विचारलं नाही, बझर लावला तेव्हाही विचारलं नसावं. त्यांनी चार महिने खपून उभा केलेला बगिचा त्यांच्यादेखत उकरला जातोय आणि घरात त्यांच्या शब्दाला किंमत नाही असं त्यांना वाटत असेल तर "सोडून ये" हे ते रागाने बोलतायत, आणि त्या रागाचं तोंड सगळंच्या सगळं शेरूकडे नाहीये. एप्रिल लागला की फ्लॉक्स आणि पिटुनिया तसेही जातील, हे खरं असलं तरी त्यांना ते ऐकवायला जाऊ नका. त्याऐवजी एखाद्या सकाळी त्यांच्यासोबत बगिच्यात चहा घेऊन बसा आणि सरळ म्हणा, "बाबा, शेरूला तुम्हाला न विचारता आणलं, ते चुकलं माझं." मग विचारा यातले कुठले वाफे कुठल्याही परिस्थितीत वाचलेच पाहिजेत. जाळी त्या वाफ्यांपासून सुरू करा, त्यांच्या हाताखाली राहून करा, आणि मोडलेल्या रोपांच्या जागी काय लावायचं ते त्यांना नर्सरीत नेऊन त्यांनाच निवडू द्या. कुत्र्यांचा खड्डा कुठे करायचा हेही त्यांनीच ठरवू दे, अंगण त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

वहिनींचं म्हणणंही मला रास्त वाटतं. खोलीत एका वेळी किती मशीनं राहतील हा आकडा दोघांनी मिळून ठरवा, त्याच्यावरची स्वीकारू नका, आणि ज्यातून काहीच निघणार नाही ती रजिस्टर्ड ई-कचरावाल्याकडे जाऊ द्या.

बांधून ठेवायचं म्हणाल तर दिवसभर आखूड साखळीला बांधणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे, आणि कुठेतरी नेऊन उपाशी-तहानलेलं सोडून येणंही. शिवाय बांधलेला कुत्रा चिडका होतो, म्हणजे आज वाफे जातायत, उद्या कुणाचा तरी हात जाईल. "देऊन टाकू का" हा प्रश्न मात्र मी सरसकट उडवून लावणार नाही. फिरवणं, खड्डा, जाळी, खोलीचं फाटक हे सगळं मनापासून सहा-आठ आठवडे करा, आणि तरीही बाबा आणि शेरू एका घरात राहू शकत नाहीत असं तिघांनाही वाटलं, तर ओळखीतलं, स्वतःचं अंगण असलेलं घर शोधा. लस आणि नसबंदी करून, त्याचं कार्ड, त्याची चादर आणि त्याचं भांडं सोबत देऊन, आधी आठवडाभर तिथे ठेवून बघा. त्या घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या मात्र, अगदी घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही.